आवाजाचे मोजमाप आणि बोलण्याची समज

मनुष्याचा आवाज बिघडला म्हणजे त्याचे बोलणे इतरांस कितपत कळते, हे मोजावे कशाने? प्रश्न वैद्यकाचा वाटतो. त्याचे मूळ मात्र आपल्या वर्णमालेपाशी आहे.

कंठ मिटलेला असता नाद होतो व उघडा असता श्वास, असे तैत्तिरीय प्रातिशाख्याने सांगून ठेवले आहे. 'ग', 'ब' हे घोष वर्ण नादाचे. 'क', 'प' हे अघोष वर्ण श्वासाचे. ही क्रिया डोळ्यांनी पाहण्यास मात्र १८५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याच्या आरशाने स्वतःचे स्वरतंतू पाहिले. १८७३ च्या अखेरीस व्हिएन्नात बिलरोथने कर्करोगाने ग्रासलेले स्वरयंत्र समूळ काढले. रोगी वाचू लागले, आणि ते बोलणार कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने ध्वनीचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. पुढे कंपनांतील अनियमितता मोजली जाऊ लागली. १९८२ मध्ये युमोतो व सहकाऱ्यांनी नाद आणि खरखर यांचे प्रमाण मांडले. ही मापे बहुधा लांबवलेल्या 'आ' वरून घेतात. पण 'आ' म्हणजे बोलणे नव्हे. स्वरयंत्र गेलेला मनुष्य गळ्याला कंपनयंत्र लावून बोलतो, तेव्हा ते यंत्र अखंड वाजत राहते. मग 'काडी' म्हटले तरी 'गाडी' ऐकू येते. 'घ', 'ध', 'भ' तर इंग्रजीत नाहीतच. तिकडची शब्दयादी आपल्याला कशी पुरणार?

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण खर्ऱ्याचे व्यसन दोन्हीकडे राहिले. सुपारी, तंबाखू व चुन्याचे हे मिश्रण मुखाच्या कर्करोगास निमंत्रण देते. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू व तंबाखूविरुद्ध उभे राहिले, ते उगीच नव्हे.

समजा, भामरागडकडील एखाद्या माडिया रुग्णाची परीक्षा नागपुरात मराठी शब्दांवर झाली. ऐकणाऱ्यास शब्द कळला नाही, तर दोष गळ्याचा की भाषेच्या अंतराचा? येथे यंत्राचा उपयोग आहे. उपचारापूर्वीचा व नंतरचा नाद ते भाषा न पाहता ताडून देते. परंतु समज मोजायची असेल, तर शब्द माडिया हवेत आणि ऐकणारे कानही माडियाच हवेत. कारण रुग्णाला बोलायचे आहे ते आपल्या घरच्यांशी, आलेखाशी नव्हे.