प्रदर्शनांतलें वस्त्र

पदार्थसंग्रहालयांतून हल्लीं चित्रकलेचीं, वेषभूषेचीं व पुराणवस्तूंचीं प्रदर्शनें वारंवार भरत असतात. सुटीच्या दिवशीं सुशिक्षित कुटुंबें मुलांबाळांसह तीं पाहावयास जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु परतलेल्या मंडळींना ‘काय पाहिलेंत?’ असें विचारलें, तर बहुधा एकच उत्तर मिळतें : ‘फार सुंदर होतें.’ सुंदर होतें यांत शंका नाहीं. पण कांचेच्या पेटींतील वस्तु आपल्या पायांनीं चालत तेथें आलेली नसते. कोणीतरी ती निवडलेली असते, कोणीतरी ती आणलेली असते, आणि ती लोकांस दाखविण्यांत त्याचा कांहीं हेतु असतो. हेतु बदलला कीं तीच वस्तु निराळी दिसूं लागते. श्रोतेहो, ही गोष्ट आज मी एकाच वस्तूच्या आधारें सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे आपल्या देशांत हातमागावर विणलेलें कापड. गेल्या पावणेदोनशें वर्षांत हें कापड देशोदेशींच्या प्रदर्शनांतून हिंडलें आहे, आणि प्रत्येक ठिकाणीं त्याच्याकडे पाहणारांचे डोळे निराळे होते.

आरंभ लंडनपासून करूं. १८५१ सालच्या मे महिन्याच्या १ तारखेस तेथील हाइड पार्कांत सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचें महाप्रदर्शन उघडलें. जोसेफ पॅक्स्टन यानें त्यासाठीं लोखंड व कांच यांचा एक प्रचंड प्रासाद उभारला होता. ऑक्टोबरच्या १५ तारखेपर्यंत साठ लाखांवर प्रेक्षक तेथें येऊन गेले. हिंदुस्थानचा विभाग ईस्ट इंडिया कंपनीनें सजविला होता. दोन वर्षांपूर्वींच पंजाब खालसा झाला होता, आणि त्या वेळीं हातीं आलेला कोहिनूर हिरा तेथें ठेवलेला होता. मुर्शिदाबादच्या नबाबानें राणीस भेट दिलेला एक हौदाहि होता. पण हौदा मांडावयाचा तर हत्ती पाहिजे. म्हणून सॅफ्रन वॉल्डन नांवाच्या एका लहान इंग्रजी गांवच्या संग्रहालयांतून पेंढा भरलेला हत्ती आणून त्याच्या पाठीवर तो चढविण्यांत आला! प्रदर्शन म्हणजे किती जुळवाजुळव असते, याचें याहून चांगलें उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना देऊं शकलों नसतों.

गंमत अशी कीं, ज्या कोहिनूरासाठीं झुंबड उडाली, तो पाहून लोकांचा विरस झाला. त्याच्या जुन्या पैलूंतून त्यांना हवें तितकें तेज दिसेना. जाणत्यांचें मन वेधलें तें डाक्क्याच्या मलमलीनें, काश्मिरी शालींनीं आणि किनखापांनीं. ओवेन जोन्स या शिल्पज्ञानें १८५६ सालीं अलंकरणशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हिंदुस्थानांतील नक्षीची आणि रंगसंगतीची मनापासून स्तुति आहे. प्रदर्शन संपल्यावर सरकारनें तेथील कांहीं जिन्नस विकत घेऊन आपल्या चित्रशाळांतील विद्यार्थ्यांपुढें नमुने म्हणून ठेविले. त्या संग्रहांतूनच पुढें लंडनचें व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम वाढीस लागलें. येथवर पाहतां, आपल्या कापडाला गुरूचा मान मिळाला असें वाटेल.

पण त्या स्तुतीला दुसरीहि एक बाजू होती, आणि ती समजण्यास डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन यांची हकीकत ऐकली पाहिजे. हे गृहस्थ प्रथम मुंबईच्या सैन्यांत वैद्य म्हणून आले. अहमदनगरास त्यांनीं नोकरी केली आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत कांहीं काळ अध्यापनहि केलें. पुढें १८५८ सालीं लंडनच्या इंडिया म्यूझियमचा कारभार त्यांच्याकडे आला. त्या संग्रहालयांत देशोदेशींचें कापड सांठलेलें होतें. वॉटसन यांनीं विचार केला कीं, गिरणीवाल्यानें कापड पाहण्यास लंडनला कां यावें? संग्रहालयच त्याच्या गांवीं पाठवूं. म्हणून त्यांनीं ठाणें कापून नमुने काढिले, ते कागदांवर चिकटविले आणि १८६६ सालीं त्यांचे ग्रंथ बांधविले. एका संचांत १८ ग्रंथ आणि ७०० नमुने. असे एकंदर २० संच. त्यांपैकीं १३ इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथें ठेवावयाचे आणि ७ हिंदुस्थानांत पाठवावयाचे ठरलें. मँचेस्टर, प्रेस्टन, ग्लासगो यांसारख्या कापडाच्या गांवीं हे संच जाऊन पोंचले. प्रत्येक संच म्हणजे एक स्वतंत्र औद्योगिक संग्रहालयच होय, अशी खुद्द वॉटसन यांची भूमिका होती.

त्यांची दृष्टि मोठी मार्मिक होती, हें कबूल केलें पाहिजे. हिंदुस्थानांतील बहुतेक लोक शिवलेलें वस्त्र न नेसतां अंगाभोंवतीं गुंडाळण्याचें वस्त्र वापरतात, हें त्यांनीं हेरलें. पागोटें, धोतर, लुंगी, लुगडें यांची लांबी-रुंदी ठरलेली, काठ कोठें आणि पदर कसा हेंहि ठरलेलें. गिरणीवाल्यानें नुसतें स्वस्त कापड पाठवून भागणार नाहीं; लुगड्याला लुगड्यासारखा पदर असावा लागतो. म्हणून त्यांनीं नमुने उपयोगाप्रमाणें लाविले, आणि प्रत्येकाखालीं लांबी, रुंदी, वजन व गांव यांची नोंद केली. इकडचे व तिकडचे संच तंतोतंत एकसारखे. त्यामुळें नुसता क्रमांक कळविला कीं समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यास कोणता माल हवा तें समजावें, अशी ही योजना होती.

एवढ्यानें आमचे साळी-कोष्टी बुडाले, असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. लँकेशायरचें कापड त्यापूर्वीं कित्येक वर्षांपासून येथें येत होतें, आणि अस्सल बारीक कामांत यंत्रानें हाताची बरोबरी करूं नये, हें वॉटसन यांनाहि मान्य होतें. तथापि त्या ७०० नमुन्यांकडे पाहतां एक गोष्ट मनाला लागते. ठाणाचें वजन नोंदलेलें आहे, गांव नोंदलेलें आहे. विणणाराचें नांव मात्र कोठेंहि नाहीं. वस्त्र हवें होतें, त्याचें माप हवें होतें. माणूस नको होता.

आतां मुंबईकडे वळूं. १८५५ सालीं पॅरिस येथें असेंच मोठें प्रदर्शन भरलें, त्यासाठीं मुंबई इलाख्यांतून जिन्नस गोळा करण्यांत आले. त्याच सुमारास आपल्या शहरांतहि असा संग्रह असावा, ही कल्पना निघाली व किल्ल्यांतील सैन्याच्या बराकींत एक संग्रहालय थाटलें गेलें. पण १८५७ च्या धामधुमींत सैनिकांना जागा पाहिजे झाली, आणि संग्रहांतील पुष्कळ वस्तु बाहेर फेंकल्या जाऊन नासल्या. पुढें डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनीं तो संग्रह सांवरला. हे बर्डवुड बेळगांवीं जन्मलेले. त्यांच्या खटपटीस जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांसारख्या आपल्या पुढाऱ्यांची जोड मिळाली, वर्गणी जमली, आणि १८७२ सालच्या मे महिन्यांत भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील सुंदर इमारत लोकांस खुली झाली. १९७५ पासून तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. तेथें निरनिराळ्या जातीजमातींचे, त्यांच्या पागोट्यांचे व धंद्यांचे मातीचे लहान पुतळे अजून पाहावयास मिळतात. त्यांत माणूस आहे खरा, पण तो नमुना म्हणून आहे. जसें वॉटसनच्या ग्रंथांत कापड, तसा येथें कापड विणणारा.

याच बर्डवुड यांनीं १८८० सालीं हिंदुस्थानांतील औद्योगिक कलांवर ग्रंथ लिहून आमच्या गांवच्या कारागिराची मुक्तकंठानें प्रशंसा केली. परंतु १९१० सालीं लंडनच्या एका सभेंत त्यांनींच असा अभिप्राय दिला कीं, हिंदुस्थानांत कारागिरी आहे, ललित कला नाहीं. आणि ध्यानस्थ बुद्धाच्या एका मूर्तीला त्यांनीं उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली! त्यावर विल्यम रोथेन्स्टाइन प्रभृति इंग्रज कलावंतांनींच वर्तमानपत्रांतून निषेध केला, आणि त्याच वर्षीं हिंदी कलेच्या अभ्यासासाठीं ‘इंडिया सोसायटी’ निघाली. प्रदर्शनांतील वस्तु ‘माल’ म्हणून मांडावी कीं ‘कला’ म्हणून, हा तंटा केवळ पंडितांचा नव्हता. ज्याच्या हातचा माल असतो त्याला मजुरी मिळते. ज्याच्या हातची कला असते त्याला नांव मिळतें.

इकडे देशांतहि प्रदर्शनांचा रोख पालटत होता. १९०१ सालच्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेपासून अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरविण्याची चाल पडली. १९०४ सालीं तें मुंबईंत भरलें. पुढें १९३६ च्या डिसेंबरांत आपल्या खानदेशांत, फैजपूर येथें, काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच खेड्यांत झालें. तेथील नगराची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या खेड्यांत मिळणाऱ्या जिनसांतून केली, आणि खादी व ग्रामोद्योग यांच्या प्रदर्शनाचें उद्घाटन महात्मा गांधींनीं केलें. प्रदर्शन म्हणजे तमाशा नव्हे, ती शाळा आहे, असा त्यांचा कटाक्ष असे. कापूस वेंचण्यापासून वस्त्र होईपर्यंतची क्रिया लोकांस कळावी, हा त्यांतला हेतु. लंडनच्या प्रासादांत कापड पाहून लोक त्याची नक्कल करावयास शिकले होते. खानदेशांतल्या मांडवाखालीं तें पाहून लोकांनीं तें स्वतः करावें, अशी अपेक्षा होती.

स्वातंत्र्य मिळालें त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत, म्हणजे १९४७-४८ सालीं, लंडनच्या रॉयल अकॅडमींत हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्या कलेचें मोठें प्रदर्शन भरलें. मूर्ति, चित्रें आणि वस्त्रें एकाच छपराखालीं, आणि या खेपेस ‘कला’ या नांवानें! आपल्याकडील निरनिराळ्या संग्रहालयांनीं उसन्या दिलेल्या वस्तु परत आल्या, तेव्हां त्या लगेच आपापल्या गांवीं धाडण्याऐवजीं दिल्लीच्या गव्हर्न्मेंट हाउसांत, म्हणजे आजच्या राष्ट्रपति भवनांत, लोकांपुढें मांडण्यांत आल्या. तें पाहून या संग्रहाभोंवतीं राष्ट्राचें संग्रहालय उभारावें असें ठरलें, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तें तेथेंच उघडलें. जनपथावरील स्वतंत्र इमारत १९६० सालीं झाली. एका प्रदर्शनांतून एक संग्रहालय जन्मास आलें, तें असें.

सरकारी हेतूंच्या या कथेंत एक घरगुती हेतूहि सांगण्याजोगा आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवि ‘अज्ञातवासी’, यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, पेटारे आणि वस्त्रें जमविलीं. अकालीं गेलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनीं तो संग्रह वाढविला, आणि १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केला. तेथें गेलें असतां जाणवतें कीं, ज्या वस्तूंना कोणी माल म्हटलें नाहीं कीं कला म्हटलें नाहीं, त्या आमच्या आजीपणजींच्या हातांतल्या होत्या. मायेनें जमविलेल्या वस्तु मांडणींतहि मायेनेंच बोलतात.

आणि आज? २०१५ च्या ऑक्टोबरापासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत लंडनच्या त्याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें केवळ हिंदुस्थानांतील वस्त्रांचें प्रदर्शन झालें. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू तेथें उभारला होता, खादी होती, आणि हल्लींच्या कारागिरांचें कामहि होतें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत २०१७-१८ सालीं ब्रिटिश म्यूझियम व दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्यानें ‘भारत आणि जग’ या विषयावर प्रदर्शन भरलें, तेव्हां परदेशांतील वस्तु इकडे आल्या व आपल्या वस्तूंच्या शेजारीं बसल्या. पूर्वीं ज्या वाटेनें वस्तु फक्त जात असत, त्या वाटेनें त्या आतां पाहुण्या म्हणून येतातहि. हा पालट लहान नाहीं.

तरीहि जुनी उणीव पुरती गेलेली नाहीं. एखाद्या जुन्या पैठणीखालची चिठ्ठी वाचा. शतक दिलेलें असतें, रेशीम व जर यांचा उल्लेख असतो, देणगी देणाराचें नांव तर ठळक असतें. विणणारा बहुधा अनामच असतो. जुन्या वस्त्राच्या बाबतींत नाइलाज आहे. कारण ज्यांनीं गोळा केलें त्यांनीं विचारलेंच नाहीं, आणि आतां विचारावयास कोणी उरलें नाहीं. पण येवल्यास माग आजहि चालू आहेत. आज जी पैठणी संग्रहालयांत जाईल, तिच्या चिठ्ठीवर मागावर बसलेल्या माणसाचें नांव घालण्यास कोणती अडचण आहे? शंभर वर्षांनीं ती चिठ्ठी वाचणारास निदान हळहळ तरी करावी लागणार नाहीं.

तेव्हां पुढच्या खेपेस आपण प्रदर्शनास जाल, तेव्हां मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा. ही वस्तु कोणी केली? ती येथवर कोणाच्या हातून आली? आणि ती आज आपल्यास कां दाखवीत आहेत? चिठ्ठींत उत्तर नसेल तर तेथील अधिकाऱ्यास अदबीनें विचारावें. अनेक संग्रहालयांत अभिप्रायाची वही असते, तींत लिहावें. प्रेक्षकांनीं असे प्रश्न वारंवार विचारले, तर चिठ्ठ्या हळूहळू बदलतील. मग घरीं परतल्यावर ‘फार सुंदर होतें’ असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यापुढें कोणाच्या हातचें तें सुंदर होतें, तेंहि सांगतां येईल.