मोझांबिक

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे 8 लाख चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे 2 कोटी 79 लाख (2017). राजधानी मापुतो. उत्तरेस टांझानिया, पश्चिमेस मलावी, झांबिया व झिंबाब्वे, नैर्ऋत्येस दक्षिण आफ्रिका व एस्वातिनी, पूर्वेस हिंदी महासागर. किनारा जवळजवळ 2,500 किमी. लांब, राजधानी मात्र पार दक्षिण टोकाला. वसाहतकाळातले मुख्य लोहमार्गही उत्तर-दक्षिण जात नाहीत. मापुतो, बैरा आणि नाकाला या बंदरांतून निघून ते शेजारच्या देशांत शिरतात. देशाच्या राजकारणातले बरेच काही या आखणीवरूनच कळते.

वास्को द गामा 1498 मध्ये येथे पोहोचला, तेव्हा सोफाला व इतर बंदरांतून स्वाहिली आणि अरब व्यापारी सोने व हस्तिदंत बाहेर पाठवीत होते. पोर्तुगिजांनी 1505 मध्ये सोफाला येथे आणि 1507 मध्ये मोझांबिक बेटावर ठाणे दिले. पुढे 1752 पर्यंत हा प्रदेश गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. झांबेझी खोऱ्यात ‘प्राझो’ नावाच्या जहागिऱ्या दिल्या गेल्या. त्या मिळवणाऱ्यांत गोमंतकीय घराणीही होती. मानुएल आंतोनियो द सोझा हा गोमंतकीय तर एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या फौजेच्या बळावर मोठ्या मुलखाचा धनी झाला होता.

अंतर्भागावर खरी पकड बसली ती बर्लिन परिषदेनंतर (1884–85). दक्षिणेतील गाझा राज्याचा राजा नगुनगुन्याने 1895 मध्ये पकडला गेला व 1906 मध्ये अझोर्स बेटांवर कैदेत वारला. पैशाअभावी लिस्बनने उत्तर व मध्य भाग खाजगी कंपन्यांना तोडून दिले. मोझांबिक कंपनी व न्यासा कंपनी कर बसवीत, पोलीस ठेवीत आणि वेठबिगार (‘शिबालो’) घेत. दक्षिणेतील पुरुष शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींत जात. त्यांच्या मजुरीचा राखून ठेवलेला भाग पोर्तुगीज सरकारला सोन्याच्या रूपात मिळे, आणि मजुराच्या हाती स्थानिक चलन पडे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत कापसाची सक्तीची लागवड आली. 1951 मध्ये वसाहतीला ‘सागरपार प्रांत’ म्हणण्यात आले. राबणाऱ्याच्या आयुष्यात त्याने फरक पडला नाही.

16 जून 1960 रोजी उत्तरेतील मुएडा येथे मागण्या घेऊन जमलेल्या लोकांवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, पण अर्जविनंत्यांवरचा विश्वास तेथे संपला. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगिजांनी मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे त्यांना देशाबाहेर काढले. 25 जून 1962 रोजी दार-एस-सलाम येथे विखुरलेले गट एकत्र येऊन फ्रेलिमो ही संघटना स्थापन झाली. समाजशास्त्रज्ञ एदुआर्दो मोंडलाने तिचे अध्यक्ष झाले. 25 सप्टेंबर 1964 रोजी उत्तरेतील काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र लढा सुरू झाला. पार्सलमधील बाँबने 3 फेब्रुवारी 1969 रोजी मोंडलाने यांचा बळी घेतला. त्यानंतरच्या अंतर्गत संघर्षातून सामोरा माशेल पुढे आले. हा लढा मैदानात निर्णायकपणे जिंकला गेला नाही. पोर्तुगीज सैनिकच त्याला कंटाळले. एप्रिल 1974 मधील लिस्बनच्या लष्करी उठावाने हुकूमशाही संपवली आणि सप्टेंबरात सत्तांतराचा लुसाका करार झाला.

25 जून 1975 रोजी देश स्वतंत्र झाला, माशेल राष्ट्राध्यक्ष झाले. बहुसंख्य पोर्तुगीज वसाहतकार निघून गेले; त्यांच्याबरोबर कारखाने, रेल्वे व इस्पितळे चालवणारी माणसेही गेली. 1977 मध्ये फ्रेलिमोने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. साक्षरता आणि लसीकरणाचे काम खरोखर मोठे झाले. पण शेतकऱ्यांना सामुदायिक वस्त्यांत हलवणे आणि पारंपरिक मुखियांना बाजूला सारणे यामुळे खेड्यापाड्यांत रोष साचला. ऱ्होडेशियाच्या (आजचे झिंबाब्वे) गुप्तहेर खात्याने उभी केलेली बंडखोर संघटना रेनामो नेमक्या त्याच रोषावर वाढली. 1980 नंतर दक्षिण आफ्रिकेने तिला पोसले. तिला केवळ परक्यांचे प्यादे म्हणणे सोयीचे आहे, पण अपुरे. एकमेकांच्या विरोधकांना थारा न देण्याचा न्कोमाती करार (1984) दक्षिण आफ्रिकेने पाळला नाही. 19 ऑक्टोबर 1986 रोजी माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळले. मृतांत गोव्यात जन्मलेले इतिहासकार व माशेल यांचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा हेही होते. अपघाताविषयीचा संशय अद्याप मिटलेला नाही.

माशेल यांच्यानंतर आलेल्या जोआकिम शिसानो यांनी मार्क्सवाद सोडला, 1990 च्या घटनेने बहुपक्ष पद्धती आणली आणि 4 ऑक्टोबर 1992 रोजी रोममध्ये शांतता करार झाला. युद्ध व उपासमारीत सुमारे 10 लाख लोक दगावले होते. 1994 च्या निवडणुकीत फ्रेलिमोला 250 पैकी 129, तर रेनामोला 112 जागा मिळाल्या. बंडखोरांच्या पाठीशी जनता नव्हती, हा दावा या आकड्यांनी खोटा ठरवला. प्रांतांचे राज्यपाल मात्र मापुतोहूनच नेमले जात राहिले, आणि 2013 मध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या. अंतिम करार ऑगस्ट 2019 मध्ये झाला. रेनामोचे नेते अफोंसो ध्लाकामा त्याआधीच, 2018 मध्ये, वारले होते.

दरम्यान 2016 मध्ये संसदेपासून लपवलेली अब्जावधी डॉलरची सरकारी हमीची कर्जे उघड झाली, दात्यांनी मदत थांबवली आणि चलन घसरले. ऑक्टोबर 2017 पासून, जिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले त्याच काबो देल्गादोमध्ये, इस्लामी बंडखोरी चालू आहे. किनाऱ्यालगत नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडूनही तेथील तरुणांच्या हाती फारसे काही आलेले नाही. मार्च 2021 मधील तेथील पाल्मा शहरावरील हल्ल्यानंतर रवांडाचे सैन्य बोलवावे लागले.

ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीत फ्रेलिमोचे दानिएल शापो विजयी घोषित झाले. विरोधी उमेदवार वेनान्सियो मोंडलाने यांनी निकाल नाकारला, आणि निदर्शनांत शेकडो लोक मारले गेले. शापो यांनी 15 जानेवारी 2025 रोजी शपथ घेतली. 1975 पासून देशाची सत्ता फ्रेलिमोकडेच आहे.