पत आणि घर : दीडशे वर्षांचा धावता आढावा

मराठीत ‘पत’ हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. बाजारात पत म्हणजे उधारी मिळण्याची योग्यता आणि समाजात पत म्हणजे अब्रू. या दोन अर्थांची सरमिसळ आपल्या घराघरांत इतकी खोल रुजली आहे की, कर्ज नाकारले गेले म्हणजे अब्रूच गेली असे मानून माणसे ती गोष्ट लपवितात. ज्ञातीतील तरुण जोडपी मोठ्या उमेदीने पहिले घर घेण्यास निघतात. कुठलासा जुना थकलेला हप्ता किंवा आप्ताच्या कर्जाला दिलेला जामीन आड येतो. अर्ज परत येतो आणि घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. या मौनाने होणारे नुकसान मूळ थकबाकीहून मोठे असते. पत ही जन्मजात वस्तू नव्हे. ती कायद्यांनी, संस्थांनी व माणसांच्या परस्परविश्वासाने घडविली आहे. जे घडविले गेले ते मोडले तरी पुन्हा घडविता येते, हे इतिहासाच्या आधारे दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सावकाराची वही

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील सामान्य माणसाची पत सावकाराच्या वहीत लिहिलेली असे. ती वही सावकाराच्याच हाती असल्यामुळे ऋणकोला आपण किती देणे लागतो हेही पुष्कळदा समजत नसे. ताबेगहाणात जमीन वा घर धनकोच्या ताब्यात जाई. नजरगहाणात ताबा ऋणकोकडे राही, पण डोक्यावर टांगती तलवार असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला व तो आसपासच्या भागात पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ती हिसकावून त्यांनी जाळून टाकली.

या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. खतावरील आकडा अंतिम न मानता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे प्रकार निश्चित केले व कर्ज फेडून गहाण सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क पक्का केला. तथापि कायद्याने एक दार लावले की व्यवहार दुसरे दार शोधतो. अनेक सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून मागू लागले आणि पैसे फेडल्यावर मालमत्ता परत देण्याचे वचन केवळ तोंडी राहू लागले. कागदावर ज्याची पत नाही त्याला अधिक वाईट कागदावर सही करावी लागते, हा धडा तेव्हाचा आहे आणि तो आजही शिळा झालेला नाही.

सहकाराची जामीनकी

शहरातील नोकरदाराचा प्रश्न निराळा होता. गिरण्या, रेल्वे, गोदी आणि कचेऱ्या यांमुळे मुंबईत माणसे लोटली. १८९६ च्या प्लेगने चाळींतील गर्दीचे भयानक रूप उघडे केले व १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. पगारदार कारकुनाजवळ दरमहा भाडे देण्याची ऐपत होती. परंतु गहाण ठेवण्यासारखी मालमत्ता नव्हती. घर असल्याशिवाय कर्ज नाही आणि कर्जाशिवाय घर नाही, असा हा पेच होता.

तो सोडविण्याचा मार्ग सहकाराने दाखविला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने एकट्याची अपुरी पत अनेकांच्या एकत्रित जबाबदारीने भरून काढण्याची सोय केली. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज अन्य कामांसाठीही सहकारी संस्था काढण्यास वाव मिळाला. चित्रापूर सारस्वत समाजातील रावबहादूर श्रीपाद सुब्बाराव तलमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था स्थापिली. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. त्यांच्याच पुढाकाराने १९१५ साली मुंबईत गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या संस्थांत तिचे स्थान अग्रगण्य आहे.

या संस्थेची रीत समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडातील भाडेकरू-भागीदारीच्या धर्तीवर जागा व इमारत संस्थेच्या नावे राही. सभासद भाग घेई आणि दरमहा भाडे भरी. त्या भाड्यातूनच कर्जाची फेड व इमारतीची देखभाल होई. कर्ज संस्थेचे, तारण संस्थेचे. सभासदाने दाखवावयाची ती फक्त नियमितता. ज्याला एकट्याला कोणी दारात उभे केले नसते, तो शेजाऱ्यांच्या साक्षीने पतवान ठरला.

मात्र या गौरवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्ञातीच्या ओळखीवर उभी राहिलेली ही पत ज्ञातीच्या कुंपणापाशी थांबत असे. ज्या समाजात शिकलेले, पगारदार वा कायदा जाणणारे पुढारी नव्हते, त्यांच्यापर्यंत हा मार्ग पोहोचला नाही. विश्वास ओळखीतून जन्मला की तो अनोळखी माणसाला बाहेर ठेवतो, ही त्याची मर्यादा होय.

पगारावरचे कर्ज

स्वातंत्र्यानंतर १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा झाला आणि १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर लेखी करारनामा व त्याची नोंदणी करण्याचे बंधन घातले. घर ‘भाड्याचे’ न राहता ‘मालकीचे’ होऊ लागले. पण पैसा कोठून आणावयाचा? भविष्यनिर्वाह निधी, विमा, पत्नीचे दागिने आणि गावाकडील जमीन हीच मध्यमवर्गाची साधने होती. मालकीचे घर पुष्कळांना निवृत्तीच्या सुमारासच लाभे. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन ही संस्था उभी केली, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. उद्याच्या पगारावर आज घर द्यावयाचे, ही कल्पना तिने सामान्य कुटुंबांपर्यंत नेली. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली. पुढे व्यापारी बँकाही या क्षेत्रात उतरल्या आणि तिशीतले घर ही नवलाची गोष्ट राहिली नाही.

तीन आकडी पत

कर्जदार लाखांनी वाढले तेव्हा शेजाऱ्याची साक्ष पुरेनाशी झाली. २००० साली सिबिल ही पतमाहिती संस्था स्थापन झाली व २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा संमत झाला. आता माणसाची पत ३०० ते ९०० यांमधील एका आकड्यात मांडली जाते. हा आकडा जात विचारीत नाही, गोत्र विचारीत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु हप्ता आजारपणामुळे चुकला की उधळपट्टीमुळे, हेही तो विचारीत नाही. ज्याने आयुष्यात कधी कर्जच काढले नाही, त्या सालस माणसाविषयी तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीच नसते.

या आकड्याची किंमत रुपयांत पाहू. ३० लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने ८.५ टक्के व्याजाने मिळाले, तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पत दुबळी ठरून तेच कर्ज ९.५ टक्क्यांनी घ्यावे लागले, तर हप्ता सुमारे २७,९६४ रुपये होतो. वीस वर्षांत हा फरक साडेचार लाखांवर जातो. शिवाय ३० लाखांपर्यंतच्या कर्जातही घराच्या किमतीचा किमान दहावा हिस्सा स्वतःच्या पदरचा लागतो.

मात्र सुपे गावच्या ऋणकोला जे मिळाले नव्हते ते आजच्या ऋणकोला मिळाले आहे : वही पाहण्याचा हक्क. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये, हेही २०२५ साली संसदेत स्पष्ट करण्यात आले.

तडजोडीने मिटविलेले कर्ज आणि पूर्ण फेडलेले कर्ज यांची अहवालातील नोंद वेगवेगळी असते. म्हणून शक्य तेथे पूर्ण फेड करून तसे पत्र घ्यावे. आप्ताला जामीन राहणे ही आपल्याकडे नात्याची परीक्षा समजली जाते. परंतु त्याचे कर्ज थकले की डाग जामीनदाराच्या अहवालावरही उमटतो. पैसे घेऊन आकडा सुधारून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. खरी सुधारणा वेळेवर भरलेल्या हप्त्यांनी आणि काही महिन्यांच्या धीरानेच होते. घाईने खाजगी सावकाराकडे वळणाऱ्याने १८७९ नंतरची ती खरेदीखते आठवावीत. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात बेकायदा सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता परत मिळविण्याची तरतूद करावी लागली, यावरून तो रोग अद्याप गेलेला नाही हे उघड आहे.

ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य

जुनी पत माणूस पाहत असे, पण फक्त आपला माणूस पाहत असे. नवी पत सर्वांना पाहते, पण माणूस पाहत नाही. या दोहोंमधील रिकामी जागा भरून काढणे हे ज्ञातिसंस्थांचे आजचे काम आहे. विद्यार्थ्यांचे सत्कार आपण आवर्जून करतो. त्याच मंडपात बँकेत काम केलेल्या निवृत्त ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी वर्षातून दोन दिवस बसून तरुणांचे पतअहवाल समजावून द्यावेत. नावे गुप्त राहावीत आणि कोणाचा आकडा किती याची चर्चा ओट्यावर होऊ नये. जामीन राहण्यापूर्वी सल्ला विचारण्याची लाज वाटू नये, असे वातावरण घरोघरी निर्माण व्हावे. हे दार आपल्या ज्ञातीबाहेरील गरजूसही उघडे ठेवले, तर पूर्वसूरींच्या कार्यातील उणीवही भरून निघेल.

तलमकी यांच्या पिढीने भांडवल गोळा करण्यापूर्वी एकमेकांच्या अडचणी एकत्र बसून मांडल्या, आणि त्यातूनच संस्था जन्मल्या. कर्ज नाकारले गेलेल्या तरुणाने ती गोष्ट वडीलधाऱ्यांपाशी निःसंकोचपणे बोलावी आणि वडीलधाऱ्यांनी ती दोष न देता ऐकावी. पहिल्या घराचा पाया तेथेच घातला जातो.