व्हाइट सँड्स उद्यानातील मार्गदर्शित पदभ्रमण

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, टुलारोसा खोऱ्यात, सुमारे ७०० चौ. किमी. पसरलेल्या शुभ्र जिप्समच्या वालुकाराशींपैकी जो भाग आज क्षेपणास्त्र-चाचणीच्या लष्करी हद्दीबाहेर आहे, त्यास १९३३ साली राष्ट्रीय स्मारकाचा व २०१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. येथील रेंजर म्हणजे केवळ पहारेकरी नव्हे. सूर्यास्तापूर्वी तो पर्यटकांना संथ गतीने टेकड्यांवर नेतो आणि पुढे सरकणाऱ्या टेकडीखाली गाडले जाऊ नये म्हणून खोड उंच उंच वाढवीत राहणारी, परंतु टेकडी निघून जाताच निराधार होऊन कोसळणारी युक्का वनस्पती दाखवितो. हातभर खणले तर ओल लागते, आणि टेकड्या सरकत असल्या तरी भूजलाच्या याच ओलाव्याने राशी वाऱ्यावर उडून जाऊ दिलेल्या नाहीत. जिप्सम उन्हातही फारसे तापत नसल्याने पुष्कळ लोक अनवाणीच चालतात.

यापेक्षा मोलाची, परंतु केवळ थंडीच्या सुमारास व पूर्वनोंदणीनेच घडणारी सफर ल्युसेरो सरोवराची. वाट लष्कराच्या मुलखातून जात असल्यामुळे रेंजरच्या मोटारीमागून सर्वांनी रांगेने जावे, असा दंडक आहे. या वालुकेचा उगम तेथे पाहावयास मिळतो: डोंगरांतून विरघळून आलेले जिप्सम समुद्राकडे वाट नसलेल्या या खोऱ्यात, या सरोवरात साचते, पाणी आटले की तपकिरी सेलेनाइट स्फटिकांचे रूप घेते, आणि ते स्फटिक झिजून, फुटून, वाऱ्यावर वालुका होऊन जातात. तेथील खडाही उचलण्यास सक्त मनाई आहे. क्षेपणास्त्रचाचणीच्या वेळी उद्यानातील रस्ताही काही काळ बंद ठेवतात.