पाण्यातलं घड्याळ: इंग्लिश खाडी ते आमच्या बाबांच्या फेऱ्या

ज्यांना ऐकायला वेळ नाही पण वाचायला आहे, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना विषय इकडेतिकडे गेला, तो तसाच ठेवलाय. सांभाळून घ्या.

आधी हा विषय कुठून आला ते सांगतो. गेल्या वर्षी माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली. नंतर डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली, पण दोन अटींवर. एका दिवशी चोवीसपेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, आणि नाडी त्यांनी सांगितलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. आता बाबा पोहायला शिकले ते गावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. हातातलं एचएमटी चपलेत ठेवायचं आणि काठावरून उडी. फेऱ्या मोजणं हा प्रकारच त्यांच्या आयुष्यात नव्हता. "किती झाल्या?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "झाल्या की वीसेक." या वीसेकमध्ये सोळाही बसतात आणि अठ्ठावीसही.

मी पडलो इंजिनीअर. आकडा नसला की मला चैन पडत नाही. ऑनलाइन एक फिटनेस बँड मागवला, खोक्यावर ठळक अक्षरात 'वॉटरप्रूफ' लिहिलेला. पहिल्या दिवशी बँड म्हणाला, तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले, फोनवर माहिती उतरली आणि आईने बघितलं: नाडी १७१. तिचा मला ऑफिसात फोन, मग रिक्षा, हॉस्पिटल, ईसीजी. ईसीजी अगदी नॉर्मल. बाबा बिचारे सांगत होते की त्या वेळी मी काठाला धरून गप्पा मारत होतो. आई पुढे दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

गंमत बघा, त्या बँडमध्ये पाण्याचा एक थेंबही गेला नव्हता. वॉटरप्रूफ हा शब्द त्याने शंभर टक्के पाळला होता. मग चुकलं कुठे? ते शोधता शोधता मी थेट १९२७ सालात जाऊन पोचलो.

७ ऑक्टोबर १९२७. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनमध्ये टायपिस्टचं काम करणारी तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. १५ तास १५ मिनिटं. खाडी पोहणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या डॉक्टर बाईंनी जाहीर केलं की आपणही खाडी पोहून आलो, आणि ग्लाइट्झपेक्षा कमी वेळात. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःच कबूल केलं की हे सगळं खोटं होतं. असले दावे किती सहज खपतात आणि त्यांच्यावर देखरेख कशी हवी, हे दाखवायचं होतं म्हणे.

झालं. आता लोक ग्लाइट्झकडेही संशयाने बघू लागले. तिने पुन्हा पोहून दाखवायचं ठरवलं. २१ ऑक्टोबरला, म्हणजे पहिल्या पोहण्याला दोन आठवडेच झालेले, पाणी आणखी गारठलेलं, ती परत उतरली. या वेळी बोटीत पत्रकार होते. आणि तिच्या गळ्यात एक छोटं घड्याळ होतं, रोलेक्स ऑइस्टर. मनगटावर नाही, गळ्यात. दहा तासांहून जास्त वेळ ती पोहली आणि शेवटी थंडीने इतकी गळाली की तिला बोटीत ओढून घ्यावं लागलं. खाडी काही पार झाली नाही. पण तिची जिद्द पाहून संशय घेणारे गप्प झाले. घड्याळही चालू होतं.

रोलेक्सचे हान्स विल्सडोर्फ हे जाहिरातीच्या बाबतीत फार हुशार गृहस्थ. २४ नोव्हेंबर १९२७ ला त्यांनी 'डेली मेल'चं अख्खं पहिलं पान विकत घेतलं आणि घड्याळाचा गाजावाजा केला. दुकानांच्या काचेत माशांच्या टाकीत बुडवलेली चालू घड्याळं ठेवायची कल्पनाही त्यांचीच. आज फोनच्या दुकानात पाण्याच्या ग्लासात फोन बुडवून दाखवतात ना, त्याचं मूळ तिथे आहे.

मला मात्र या कथेत घड्याळापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सगळं प्रकरण सुरू झालं ते 'कोण किती पोहलं हे खरं कसं मानायचं' या प्रश्नावरून. त्याच वर्षी खाडी पोहण्याची नीट नोंद ठेवणारी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. तेव्हापासून निरीक्षक बोटीतून सोबत जातो आणि लिहून ठेवतो. आपल्याकडे धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांबरोबरही होडी आणि निरीक्षक असतातच. गळ्यातल्या ऑइस्टरने पाण्यात टिकायचं काम चोख केलं, पण ग्लाइट्झ किती पोहली हे बोटीतल्या माणसांनीच सांगितलं.

बरं, ते टिकलं कसं? जुन्या घड्याळात पाणी शिरायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे किल्लीचं भोक. किल्ली फिरायला हवी म्हणजे तिथे फट हवी, आणि फट आली की धूळ आली, घाम आला, पाणी आलं. दोन स्विस कारागिरांनी १९२५ मध्ये बाटलीच्या झाकणासारखी आट्यांची, घट्ट फिरवून बसवायची किल्ली पेटंट केली. विल्सडोर्फनी ते हक्क विकत घेतले आणि १९२६ मध्ये ऑइस्टर आलं. डोकेबाज कल्पना, पण एक घोळ होता. घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागायची. म्हणजे रोज झाकण उघडायचं, आणि एक दिवस परत आवळायला विसरलात की संपलं. १९३१ मध्ये हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारं यंत्र आलं, तेव्हा ती कटकट मिटली. मला हे फार आवडतं. सुरक्षेतला सगळ्यात कच्चा दुवा वापरणारा माणूस असतो, हे घड्याळवाल्यांना आमच्या आधी कळलं होतं.

तर पाणी बाहेर ठेवायचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच बराचसा सुटला. आज घड्याळावर '५ एटीएम' लिहिलेलं असतं. हे पैसे काढायचं एटीएम नव्हे, ॲटमॉस्फियर. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक ॲटमॉस्फियर दाब वाढतो, म्हणून ५ एटीएम आणि ५० मीटर हे एकच. पण ही चाचणी नव्या कोऱ्या घड्याळाची, स्थिर दाबाखाली होते. मानकातही शब्द 'जलरोधक' आहे, 'जलाभेद्य' नाही. 'आयपी ६८' दिसलं तर त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. त्या ८ मध्ये किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन आयपी ६८ सारखे असतीलच असं नाही.

इथे एक लोकप्रिय समज मोडतो. लोक सांगतात, हात जोरात मारला की पाण्याचा दाब प्रचंड वाढतो, म्हणून ५० मीटरचं घड्याळ पोहायला कमी पडतं. मी गणित करून बघितलं. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरतोय असं धरा. त्याने वाढणारा दाब जेमतेम ४५ सेंटिमीटर खोल पाण्याइतका! म्हणजे बादलीच. घड्याळं मरतात ती वेगळ्या कारणांनी. आतलं रबरी गॅस्केट म्हातारं होतं, साबण लागतो, पोहून झाल्यावर आपण कडकडीत पाण्याच्या शॉवरखाली उभे राहतो, कुणी पाण्यात असताना बटण दाबतं. ५ एटीएम घ्या, पोहून झाल्यावर साध्या पाण्याने विसळा, आणि त्या आकड्याची काळजी सोडा.

काळजी करायची ती मोजण्याची. तिथला इतिहास जास्त मजेदार आहे.

१९६० चं रोम ऑलिंपिक, १०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच पोचले. डेव्हिटच्या तिन्ही स्टॉपवॉचमध्ये ५५.२ सेकंद. लार्सनच्या तिन्हींमध्ये त्याहून कमी. तरी सुवर्ण डेव्हिटला! कारण पहिला कोण हे काठावरचे पंच डोळ्यांनी ठरवायचे, आणि त्यांचं एकमत होईना म्हणून मुख्य पंचाने निकाल दिला. त्यानंतर जे रामायण झालं, त्यातून भिंतीवरचा टचपॅड आला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पोहणारा स्वतःच्या हाताने घड्याळ थांबवू लागला.

मग १९७२, म्युनिक. ४०० मीटर वैयक्तिक मेडले. स्वीडनचा गुन्नर लार्सन ४ मिनिटं ३१.९८१ सेकंद, अमेरिकेचा टिम मॅकी ४ मिनिटं ३१.९८३. सेकंदाच्या दोन सहस्रांशाने सुवर्ण गेलं. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की तलावाच्या सगळ्या लेन सहस्रांशाला साजेशा अचूक लांबीच्या बांधताच येत नाहीत. दोन मिलिमीटर सिमेंट जास्त लागलं की मेडलचा रंग बदलायचा. म्हणून नियम बदलला, आजही पोहण्यात शतांशाच्या पुढे बघत नाहीत. दोघांचे शतांश सारखे आले तर दोघांनाही पदक. (त्याच वर्षी त्याच देशात, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपले मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकले. त्यांच्यावर वेगळा भाग करायचाय.)

हा सिमेंटचा मुद्दा लक्षात ठेवा. कारण तुमच्या मनगटावरचं घड्याळ तलावात अंतर मोजतच नाही. जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही. घड्याळ काय करतं? तलावाची लांबी तुम्ही सांगायची. हात कसा हलतोय हे ते ॲक्सेलरोमीटरने बघतं, भिंतीला पाय मारून तुम्ही सटकता तो झटका आणि त्यानंतरचा हात न हलवता केलेला सरक ओळखतं, आणि म्हणतं, एक झाली. मग फेऱ्या गुणिले लांबी. लांबी चुकीची भरलीत तर सगळं चूक. सोसायटीचे तलाव कधी १८ मीटर, कधी राजम्याच्या आकाराचे. तेव्हा हवी ती लांबी भरता येते का, आणि किमान लांबीची अट किती, हे विकत घेण्याआधी बघाच.

अशा फेऱ्या मोजणारी मनगटी घड्याळं २००० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली, ब्रिटनचं पूलमेट त्यातलं एक. २०१२ मध्ये गार्मिन स्विम आलं. साध्या गोल सेलवर चालणारं, पोहण्यापलीकडे फारसं काही न करणारं, नाडी तर नाहीच. मोठ्या कंपन्या उशिरा आल्या. २०१५ चं पहिलं ॲपल वॉच पोहण्यासाठी नव्हतं. २०१६ च्या सिरीज २ ने ५० मीटर म्हटलं, फिटबिटचा फ्लेक्स २ ही त्याच वर्षीचा. तेव्हाचा ॲपलचा प्रश्न विल्सडोर्फसारखाच होता, फक्त भोक किल्लीचं नाही, स्पीकरचं. स्पीकरला हवा हवी, म्हणजे भोक हवंच. मग त्यांनी पाणी आत येऊ दिलं, आणि पोहून झाल्यावर स्पीकरच थरथरून ते बाहेर फेकतो. वा!

आता नाडी. फिनलंडच्या पोलारने १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यावरून बिनतारी नाडी मनगटावर आणली. पोलारच्या काही पट्ट्यांमधली कमी वारंवारतेची जुनी लहर गोड्या पाण्यातून जाते, ब्लूटूथ मात्र वीतभरातच गुदमरतं. म्हणून गार्मिनने २०१५ मध्ये पोहण्यासाठी असा पट्टा काढला की तो नाडी स्वतःतच साठवतो आणि पाण्याबाहेर आलात की घड्याळाला सांगतो. मनगटावरचे हिरवे दिवे कातडीतल्या रक्ताचा ठोका बघतात, पण कातडी आणि काच यांच्यात पाणी खेळू लागलं, बँड सैल असला, की त्यांना काहीही दिसतं. उदाहरणार्थ १७१.

आणि त्या तीन फेऱ्या? एका सकाळी मी काठावर बसून बाबांना बघितलं. डोकं पाण्याबाहेर, हात अर्धे ब्रेस्टस्ट्रोकचे, अर्धे विहिरीचे. भिंतीला पोचले की हात लावायचा, शेजारच्या काकांना "काय म्हणतोय मुलगा?" विचारायचं, आणि सावकाश वळायचं. पाय मारून सटकणं नाहीच. त्या बिचाऱ्या अल्गोरिदमला फेरी संपली हे कळणार कसं? तो ज्या पोहणाऱ्यांवरून शिकला, त्यात डबा बांधून शिकलेलं कुणी नसणार.

शेवटी घेतलं ते असं: ५ एटीएम, टचस्क्रीनवर अवलंबून नसलेलं, पाण्यातही चालतं असं कंपनीने लिहून दिलेलं मोठं बटण, हाताने फेरी नोंदवायची सोय, आणि वेगळा छातीचा पट्टा. झोप, ताण, मेसेज वगैरे शंभर गोष्टी सोडून दिल्या. पट्टा पोहताना आकडा दाखवत नाही, नंतरच सांगतो, त्यामुळे दम लागला की थांबायचं हा डॉक्टरांचा साधा नियम कायम आहे. बाबा भिंतीला हात लावतात, बटण दाबतात, मग गप्पा. परवा संध्याकाळी आईने फोनमध्ये बघितलं: अठरा फेऱ्या, नाडी हद्दीत.

मी बाबांना आकडा सांगितला तर म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो? वीसेक."