देवगोई घाटातले जर्मन इंजिन

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालेला रस्ता देवगोई घाट चढू लागला की सपाटीवर सुखाने धावलेल्या वाहनाची खरी परीक्षा सुरू होते. आणि भगर, आमचूर, होळीचे पाहुणे व दवाखान्याचे रुग्ण ही सारी जोखीम ज्या प्रवासी जीपगाड्यांनी येथे शिरावर घेतली, त्यांतील बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स गाडीच्या बॉनेटाखालच्या यंत्राची वंशावळ सांगण्याजोगी आहे.

हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या परवान्यावर नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी केली. पुढे तिने डाइमलर-बेंझकडून ओ.एम. ६१६ या चार सिलिंडरांच्या, २,४०४ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना मिळविला. मर्सिडीझच्या '२४० डी' सेडानमध्ये १९७३ पासून बसत असलेले इंजिन ते हेच. वेगाला मंद पण आयुष्याला चिवट, म्हणून जर्मनीच्या टॅक्सीवाल्यांना विशेष प्रिय.

पण ज्यांच्या ऐपतीत नवी ट्रॅक्स बसत नसे, त्यांचा व्यवहार जुन्याचा. जाणता गिऱ्हाईक पहाटे, इंजिन थंड असतानाच जातो, कारण आधीच तापविलेले इंजिन हीटर प्लगचा दोष झाकते. मग चालू इंजिनाच्या ऑइलचे झाकण काढून तो तळहात धरतो. आतून धुराचे जोरदार फूत्कार आले, मेकॅनिकच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' मारले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावे. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग दिसला तर हेड गॅस्केटविषयी शंका घ्यावी. चासीवर एखाद्याच ठिकाणी नवा रंग असेल, तर त्याखाली वेल्डिंग शोधावे. ही तपासणी मी सर्वांत मोलाची मानतो, कारण बंद पडलेले इंजिन गाडीला थांबविते, पण वळणावर तुटलेली चासी माणसे घेऊन दरीत जाते.

दप्तरही वाचावे लागते. १ जुलै १९९८ पूर्वी हा मुलूख धुळे जिल्ह्यात असल्याने त्या काळच्या गाड्यांवर एम.एच. १८ हा क्रमांक आढळे, नंदुरबारचा एम.एच. ३९ मागाहून आला. चासीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी जुळतो काय, फिटनेसची मुदत शिल्लक आहे काय, आणि कर्जाचा बोजा उतरला काय? सातबाऱ्यावरील बोजा ज्याने पाहिला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

एवढे जुळल्यावर गाडीत माणसे भरून घाट चढायचा, दुसऱ्या गिअरात तापमानाचा काटा कोठवर जातो ते पाहायचे, आणि उतरताना ब्रेक तापल्यावरही तितकेच धरतात काय हे अजमावून मगच बयाणा द्यायचा.