तळटीप : ‘मल्हाराची नवी मालिका’

* ही मालिका म्हणजे मे २०१४ मध्ये झी मराठीवर सुरू झालेली ‘जय मल्हार’. निर्मिती कोठारे व्हिजनची; खंडोबा झाले होते देवदत्त नागे. लेखिकेचा अभिप्राय सुरुवातीच्या भागांपुरता आहे. मेहरूण गावी खंडोबाची कथा तिने पडद्याच्या कितीतरी आधी जागरणात वाघ्या-मुरळीच्या तोंडून ऐकलेली. चंपाषष्ठीला घरात तळी भरलेली, भंडारा उधळलेला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवलेला. म्हणूनच मालिकेतल्या मुकुट-दागिन्यांनी ती दिपत नाही. बानूसाठी धनगरवाड्यावर मेंढ्या राखणारा देव तिला हवा आहे, आणि ही अपेक्षा आम्हाला अगदी रास्त वाटते. म्हाळसेइतकीच बानूही या कथेचा प्राण आहे. मालिका एप्रिल २०१७ पर्यंत चालली. बानूची कथा तिच्यात पुढे सविस्तर आली.